पुस्तकाचं विरजण

काही वर्षांपूर्वी एका मैत्रिणीच्या वाढदिवसाला मी दया पवारांचं 'बलुतं' हे दलित आत्मकथन दिलं. नुसतं दिलं असतं तर निभावलं असतं. मी सोबत दहा मिनिटांचं भाषणही दिलं. "हे वाचलं नाहीस तर महाराष्ट्र कळलाच नाही म्हणून समज," असलं काहीतरी. पुढच्या दिवाळीला तिच्याकडे फराळाला गेले, तेव्हा पुस्तक काचेच्या कपाटात होतं. मी आत घातलेली खूण पहिल्या पानावरून हललेली नव्हती.

त्याच वर्षी आमच्या भिशीत आलेल्या दुसऱ्या एका मैत्रिणीलाही मी तेच पुस्तक दिलं. ती बँकेत अधिकारी आहे, घर आंबेडकरी चळवळीतलं. तिने हसून पुस्तक घेतलं आणि म्हणाली, "ही माझी चौथी प्रत. आमच्या आबांनी आल्या आल्या घेतलेली पहिली. बाकीच्या तुमच्यासारख्यांनी दिलेल्या. मला कधी कुणी भुताखेताचं पुस्तक का देत नाही गं?"

एकच पुस्तक, दोन घरं, दोन्हीकडे वाया. दोष पुस्तकाचा नव्हता. दूध कडकडीत असताना विरजण घातलं तर फसतं आणि गार दुधात घातलं तर लागत नाही. मी एकीकडे दूध कोमट व्हायची वाट पाहिली नव्हती आणि दुसरीकडे आधीच लागलेल्या दह्यात चमचाभर दही घालून आले होते.

कोल्हापुरात आमची अकराजणींची पुस्तकभिशी आहे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रत्येकीचे 200 रुपये जमा होतात. जिची चिठ्ठी निघेल तिने त्यातून हवी ती पुस्तकं घ्यायची आणि त्यातलं एक कुणालातरी सुचवायचं. आपल्या घरात, आपल्या गल्लीत ज्या जगण्याविषयी बोललं जात नाही त्याविषयीची पुस्तकं सुचवताना सगळ्यात जास्त फजिती होते, हे तिथेच कळलं. चुका करत करत बसलेली ही कृती.

साहित्य

स्वतः शेवटपर्यंत वाचलेलं पुस्तक : 1
आवड ठाऊक असलेला वाचक : 1
कारण : एका वाक्यात मावेल इतकं
इशारा : गरजेपुरता
धीर : किमान 3 आठवडे
उपदेश : चवीपुरताही नको

(पाककृतीत याला साहित्य म्हणतात. इथे दोन्ही अर्थ चालतील.)

पूर्वतयारी : आपलं भांडं धुऊन घ्या

दुसऱ्याला सुचवण्याआधी आपण वाचलेली शेवटची दहा पुस्तकं कागदावर लिहा. लेखक कोण, कुठला, बाई की पुरुष, कोणत्या घरातून आलेला, एवढंच पुढे मांडा. माझ्या यादीतल्या सात जणांची आडनावं एका पंगतीत बसतील अशी निघाली. आठवा कोकणातला होता, तेवढाच काय तो दूरचा प्रवास. या यादीने लाज वाटली तर हरकत नाही, पण ती लाज मैत्रिणीवर काढू नका.

यादी रुंद करायची तर पुस्तकं मिळतात कुठे? मोठ्या दुकानांच्या दर्शनी फळीवर बहुतेक नसतातच. दरवर्षी 6 डिसेंबरला चैत्यभूमीजवळ शिवाजी पार्कवर आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाला नागपूरच्या दीक्षाभूमीवर पुस्तकांचे स्टॉल लागतात, तिथे एकदा पिशवी घेऊन जा. लांबून आलेली माणसं प्रवासखर्चातून वाचवलेल्या पैशांत पुस्तक निवडताना दिसतात. शहरात असाल तर जुनी सार्वजनिक वाचनालयं गाठा. आमच्याकडचं करवीर नगर वाचन मंदिर 1850 सालचं आहे. दुकानात न मिळणाऱ्या आवृत्त्या अशाच ठिकाणी सापडतात. साताऱ्याकडे जाणं झालं तर महाबळेश्वरच्या वाटेवर भिलार आहे. 2017 पासून ते पुस्तकांचं गाव आहे आणि तिथे घराघरांत बसून वाचता येतं.

कृती

1. आधी आपण संपवा. पुरस्काराच्या यादीतून किंवा मलपृष्ठ वाचून सुचवू नका. मी एकदा अर्धी वाचलेली कादंबरी जोरात सुचवली. मैत्रिणीने ती आठवड्यात संपवली आणि शेवटाबद्दल विचारायला फोन केला. त्या फोनवर मी जे काही बोलले ते आठवलं की अजून कान गरम होतात. दुसरी गोष्ट म्हणजे, पुस्तकाने आपलं काही हलवलं का, ते स्वतःला विचारा. नसेल हलवलं तर ते कितीही महत्त्वाचं असो, दुसऱ्या कुणाला तरी सुचवू द्या.

2. विषय बाजूला ठेवा, माणूस पाहा. कृतीतली खरी मेहनत इथे आहे. "हिला जातीच्या प्रश्नावर काहीतरी द्यायला हवं" असा विचार मनात आला की थांबा. तिला काय वाचायला आवडतं? ती काय काम करते? कशावर तासभर बोलते? त्या दारातून आत जायचं. आमच्या भिशीत चाललेली काही दारं सांगते.

*आत्मचरित्रं आवडणारी.* 'स्मृतिचित्रे' दोनदा वाचलेली एक तरी बाई प्रत्येक घरात असते. लक्ष्मीबाई टिळकांच्या बोलण्यातली मोकळीक जिला आवडली तिला बेबी कांबळेंचं 'जिणं आमुचं' परकं वाटत नाही. फलटणला छोटं किराणा दुकान चालवताना बेबीताईंनी ते लिहिलं आणि वर्षानुवर्षं घरच्यांपासून लपवून ठेवलं. फलटणमध्ये राहणाऱ्या मॅक्सीन बर्नसन यांनी ते बाहेर आणायला लावलं. आधी 'स्त्री' मासिकातून आलं, मग 1986 मध्ये पुस्तक झालं. दुकानाच्या गल्ल्यावर बसून चोरून लिहिणारी बाई एवढं सांगितलं, की मैत्रीण स्वतःहून हात पुढे करते. आमच्यापैकी निम्म्याजणी काही ना काही चोरून करतच असतात.

*हाताने काही विणणारी, शिवणारी.* उर्मिला पवारांचं 'आयदान' (2003). आयदान म्हणजे बांबूच्या टोपल्या, सुपं. नवरा गेल्यावर लेखिकेच्या आईने ती विणून मुलं वाढवली. आईचं विणणं आणि आपलं लिहिणं यांचा धागा लेखिकेनेच जोडून दाखवला आहे. क्रोशा करणाऱ्या आमच्या एका काकूंनी ते तीन दिवसांत वाचलं.

*संस्कृतची शिक्षिका.* कुमुद पावडेंचं 'अंतःस्फोट' (1981). दलित घरातली मुलगी संस्कृत शिकते, एम. ए. होते, आणि मग लोक कौतुक करतात ते नेमकं कशाचं, हे ती निरखत राहते. आमच्या संस्कृतच्या बाईंना जातीवरचं पुस्तक म्हणून दिलं असतं तर त्यांनी नम्रपणे नाकारलं असतं. "बाई, एका संस्कृतवालीचं आहे," म्हटल्यावर चष्मा पुसून घेतला.

*थरार हवा असलेला भाचा.* अण्णा भाऊ साठेंची 'फकिरा' (1959). वारणेच्या खोऱ्यातला मांगवाड्यातला नायक, दुष्काळात उपाशी माणसांसाठी इंग्रजी सत्तेशी भिडणारा. पुस्तक बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केलेलं आहे, ते भाच्याचं तो बघेल. त्याला घोडा आणि दऱ्याखोऱ्या पुरतात.

*जिल्हा परिषदेचे गुरुजी.* रमेश इंगळे उत्रादकरांची 'निशाणी डावा अंगठा'. प्रौढ साक्षरता मोहीम कागदावर कशी शंभर टक्के यशस्वी होते त्याची हसून हसून मुरकुंडी वळवणारी कादंबरी. सामाजिक पुस्तक म्हणजे रडणं, हा समज मोडायला याहून चांगलं औषध नाही.

*बचत गटात, ग्रामपंचायतीत वावरणारी.* कविता महाजनांची 'ब्र' (2005). आरक्षणामुळे सरपंचपदावर बसलेल्या बायकांकडे बघत बघत नायिका स्वतःकडेही बघायला लागते.

*शेतमालाचे भाव हाच विषय असलेले दाजी.* सदानंद देशमुखांची 'बारोमास'. 2004 चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला आहे, पण तो सांगू नका. "शिकून घरी बसलेला पोरगा आणि तोट्यातलं शेत आहे" एवढं सांगा. वेळ कमी असेल तर आसाराम लोमटेंचा 'आलोक' हा कथासंग्रह.

*प्रेमकथाच वाचणारी.* सचिन कुंडलकरांची 'कोबाल्ट ब्लू' (2006). घरात भाड्याने राहायला आलेल्या एकाच तरुणावर बहीण आणि भाऊ दोघांचं प्रेम जडतं. प्रेमकथा म्हणूनच द्या, कारण ती तशीच आहे.

*पुस्तक नको, चार पानं दे म्हणणारी.* मुक्ता साळवेंचा निबंध. फुले दांपत्याच्या शाळेत शिकणाऱ्या या मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध 1855 मध्ये 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. भिशीत मोठ्याने वाचायला पंधरा मिनिटं लागतात. त्यानंतर चहा मात्र अर्धा तास कुणी मागत नाही.

3. एकटं नको, जोडीने द्या. एका पुस्तकावर एका समाजाचा सगळा भार टाकला की वाचणारा म्हणतो, "अच्छा, हे लोक असे असतात तर." म्हणून दुसरं पुस्तक तयार ठेवा. जोडी अशी लावा की एकाच गोष्टीकडे दोन बाजूंनी बघता येईल. 1871 च्या इंग्रजी कायद्याने काही जमातींवर जन्मतःच गुन्हेगार असा शिक्का मारला आणि त्यांना तारेच्या कुंपणात ठेवलं. तो कायदा गेला 1952 मध्ये. सोलापूरच्या तशा वसाहतीवर विभावरी शिरूरकरांनी, म्हणजे मालतीबाई बेडेकरांनी, 1950 मध्ये 'बळी' लिहिली. त्या तिथे काम करत होत्या. त्यांची कळकळ खरी आहे, पण रात्री कुंपणाबाहेर जाता येणाऱ्या माणसाची आहे. शिक्का बसलेल्यांपैकीच एकाने, लक्ष्मण गायकवाडांनी, 1987 मध्ये 'उचल्या' लिहिली. दोन्ही पाठोपाठ वाचल्या की कुणी काय पाहिलं आणि कुणाला काय दिसूच शकलं नाही, हे समजावून सांगावं लागत नाही.

जुन्या-नव्याची जोडीही लागते. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदेंचा 'स्त्री-पुरुष तुलना' (1882) हा निबंध जवळजवळ विस्मृतीत गेला होता. 1975 मध्ये स. गं. मालशे यांनी तो पुन्हा छापून आणला. त्यासोबत आजच्या एखाद्या कवयित्रीचा संग्रह द्या. आम्ही दिशा पिंकी शेखचा 'कुरूप' दिला होता. बाई कोण आणि पुरुष कोण, हा ताराबाईंनी मांडलेला हिशेब एका तृतीयपंथी कवयित्रीने पुन्हा उघडलेला बघून आमच्यातल्या दोघींचं चांगलं वाजलं. वाजलं म्हणजे वाचलं होतं.

4. कारण एका वाक्यात सांगा, आणि ते आपल्याबद्दलचं असू द्या. "प्रत्येकाने वाचलंच पाहिजे" हे कारण नाही, हुकूम आहे. "तुझे डोळे उघडतील" यात तिचे डोळे मिटलेले आहेत असं आपण म्हणून बसतो. त्याऐवजी आपल्याला काय झालं ते सांगावं. बाबूराव बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' (1963) सुचवताना मी म्हणते, "यातली याच नावाची गोष्ट वाचल्यावर मला आठवलं, वरची खोली भाड्याने देताना मी आडनाव विचारलं होतं." त्या कथेत रेल्वेत नोकरीला लागलेला तरुण डोक्यावर छप्पर मिळावं म्हणून जात लपवतो. मी माझी चूक सांगितली की समोरची तिची आठवते किंवा आठवत नाही. पण पुस्तक घेते.

5. अडणार कुठे, ते आधी सांगा. दोन प्रकारे अडतं. एक भाषेने. लक्ष्मण मानेंचं 'उपरा' उघडलं की पहिल्या पानांत ओळखीचं मराठी सापडत नाही म्हणून अनेकजण मिटतात. त्यांना सांगायचं : वीस पानं मोठ्याने वाच, कानाला लवकर कळतं. नामदेव ढसाळांच्या 'गोलपिठा'ला (1972) प्रस्तावना लिहिताना विजय तेंडुलकरांनाही ती वस्ती आणि ते शब्द ढसाळांकडून समजून घ्यावे लागले होते. तेंडुलकर विचारू शकतात तर आपल्याला कसली लाज?

दुसरं अडतं ते जिवाला. मारहाण, बलात्कार, आत्महत्या, भूक, यातलं काय पुस्तकात आहे ते एका वाक्यात सांगून टाका. ज्या घरात नुकतंच काही घडून गेलं आहे तिथे त्याच जखमेवरचं पुस्तक पाठवू नका. राजन गवसांची 'चौंडकं' फार ताकदीची कादंबरी आहे, देवाला सोडलेल्या मुलीची. आमच्या भिशीतल्या एकीच्या आजोळी तशी मावशी होती, हे मला नंतर कळलं. ती वाचेल तेव्हा वाचेल, माझ्या सुचवण्याने नव्हे.

6. नाव सांगू नका, प्रत द्या. फोनवर पाठवलेलं मुखपृष्ठाचं चित्र सकाळच्या शुभेच्छांखाली गाडलं जातं. स्वतःची, पेन्सिलीच्या खुणा असलेली प्रत दिली तर उत्तम. त्या खुणा म्हणजे आपण आधी इथे बसून गेलो याची साक्ष. परत येईल ही आशा ठेवू नका, पण पहिल्या पानावर तारीख घाला. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या आत्यांना वाचून दाखवा. परदेशात असलेल्या भाचीला ई-पुस्तक किंवा बोलतं पुस्तक मिळतं का ते आधी आपण शोधून मग सुचवा. न मिळणारं पुस्तक सुचवणं म्हणजे बंद दुकानाचा पत्ता देणं.

7. झाकून ठेवा, हलवू नका. विरजण लावलेलं भांडं दर तासाला उघडून बघणारीचं दही कधी लागत नाही. तीन आठवडे "वाचलंस का?" हा प्रश्न बंद. भेटलात तर भाजीच्या भावावर बोला. एकावर एक चार पुस्तकंही पाठवू नका. विरजण जास्त झालं की दही आंबट होतं.

8. बोलायला बसाल तेव्हा साक्ष काढू नका. पुस्तक मुस्लिम घरातलं असेल, समजा हमीद दलवाईंचं 'इंधन', आणि बैठकीत एकच मुस्लिम मैत्रीण असेल, तर सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळतात. ती वाचक म्हणून आली आहे, तिला दाखला म्हणून उभं करू नका. तिला बोलायचं असेल तर ती बोलेल. आणि तिला पात्र पटलं नाही, शेवट रटाळ वाटला, असं ती म्हणाली तर ते वाचकाचं मत म्हणून ऐका. चांगल्या हेतूचं पुस्तक वाईट लिहिलेलं असू शकतं, हे सांगायची मुभा सगळ्यांना असली पाहिजे.

बिघडलं तर

*"फार दुःखी आहे गं."* वाद घालू नका, पुढच्या वेळी 'निशाणी डावा अंगठा' द्या. मात्र हसरं पुस्तक लाच म्हणून देऊ नका. ज्यांच्या जगण्याविषयी लिहिलं जातं ते लोक हसतातही, एवढंच त्यातून पोचू दे.

*"आता कुठे राहिली आहे जात?"* उत्तर देऊ नका. "तुझ्या घरी भाडेकरू ठेवताना काय विचारता?" हेही विचारू नका, जीभ कितीही शिवशिवली तरी. बागुलांच्या संग्रहातली ती एक गोष्ट द्या. लेखक हे काम आपल्यापेक्षा बरं करतो.

*वाचलंच नाही.* परत मागून घ्या आणि दुसऱ्या कुणाला द्या. मैत्री पुस्तकापेक्षा मोठी आहे. 'बलुतं' काचेत ठेवणारी माझी मैत्रीण तशी चित्रपटवेडी आहे. हे मला वीस वर्षांपासून ठाऊक होतं, सुचलं मात्र गेल्या वर्षी. तिला 'जैत रे जैत' पाठ आहे, म्हणून वाहरू सोनवणेंचा 'गोधड' हा कवितासंग्रह दिला. आदिवासींची गाणी तू ऐकलीस, आता एका भिल्ल कवीने स्वतः काय लिहिलं ते बघ, म्हटलं. तिने वाचला. आवडला की नाही ते अजून सांगितलेलं नाही. मी विचारलेलंही नाही.

9. आणि शेवटचं : आपली वाटी पुढे करा. आमच्या लहानपणी विरजण संपलं की आई शेजारी वाटी घेऊन पाठवायची. सगळ्या शेजारी नव्हे. कोणत्या दारात वाटी न्यायची आणि कोणत्या दारात न्यायची नाही, हे मला कुणी शिकवलं नव्हतं, तरी माहीत होतं. पुस्तकांच्या बाबतीतही मी वर्षानुवर्षं तेच करत आले. फरक एवढाच की आता मी देणारी झाले होते. घ्यायला म्हणून कुठे गेलेच नव्हते.

भुताखेताचं पुस्तक मागणाऱ्या मैत्रिणीकडे मागच्या महिन्यात गेले आणि म्हटलं, "या वेळी तू सांग, मी काय वाचू?" मला वाटलं होतं, ती मला न माहीत असलेलं एखादं आत्मकथन काढेल. मी वहीसुद्धा नेली होती. ती आत गेली आणि नारायण धारपांचं एक जाडजूड, कोपरे झिजलेलं पुस्तक घेऊन आली.

"हे माझ्या आबांचं. चळवळीच्या बैठका संपल्या की रात्री हेच वाचायचे," ती म्हणाली. "यात भूत आहे. दिवा लावून वाच. आणि तीन आठवडे मी विचारणार नाही."